वरवंटा घेऊन नामपूरला

पाटा पुसायला आजीला फडकं लागत नसे. शेंगदाण्याची लाल चटणी वाटून झाली की ती भाकरीचा तुकडा मोडायची, पाट्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायची आणि त्याचे दोन भाग करायची. मोठा माझा. "खाय ले माय, खरी चव आठेच शे." आठेच म्हणजे इथेच, पाट्यावर. मी नाशिक रोडहून सुट्टीला नामपूरला आलेली, कॉन्व्हेंटमध्ये काट्या-चमच्यांचे धडे घेतलेली. नाकाडोळ्यांतून पाणी येईपर्यंत खायचे. सगळ्यांची जेवणं उरकेपर्यंत जिला टेकायला मिळत नसे, त्या बाईची ही एवढीच चैन. तीही ती वाटून खायची.

आजी गेली तेव्हा चुलत भाऊ म्हणाला, "आठवण म्हणून काहीतरी ने." एसटीत पाटा कुठे न्यायचा, म्हणून मी नुसता वरवंटा उचलला. तीस वर्षं त्याने माझ्या फ्लॅटचं दार अडवून धरलं. आता लेकीच्या बाळाचं बारसं आलंय. पाळण्यात बाळाच्या आधी टोपडं घातलेला वरवंटा जातो, म्हणून तो धुवायला घेतला आणि वाटलं, पाटाही आणावा. जोडी लेकीला द्यावी. भावाला फोन केला. "ने की, तुझ्याही आजीचाच आहे," तो म्हणाला.

सकाळी लवकर निघाले. जोड जुळते का पाहायला वरवंटा सोबत घेतला. परतीला पाट्यासाठी जीप सांगून ठेवली होती. तुम्ही जाणार असाल तर एसटीनेच जा, बायकांना अर्धं तिकीट आहे. पिशवी सरकवताना कंडक्टर कण्हला.

"मावशी, दगड भरलेत काय?"

"दगडच आहे."

"मग त्याचं फुल तिकीट लागंल!" अख्खी बस हसली.

वाट वाकडी करून कळवणला उतरले, कारण आजी तिथे बस बदलायची. स्टँडजवळची मिसळ खा, पण तर्री जपून. पुढे कांद्याचे ट्रॅक्टर लागतात. बाजार असला की नामपूरच्या अलीकडेच बस रखडते. तासभर हाताशी ठेवा.

ओट्यावर पाटा गोणपाटात बांधून तयार होता. सिंधूवहिनी, भावाची बायको, म्हणाली, "भलता जड शे, ताई. कसा नेशात?" मग माझ्यासाठी मराठीत, "तुम्ही वरवंटा नेला, तेव्हापासून बिचारा परक्या दगडाशी संसार करतोय."

कंडक्टरचा फुल तिकिटाचा विनोद तिला सांगत गोणपाट सोडलं. पाट्याला नुकतीच छिन्नीने टाकी लावलेली, ठिपके ताजे.

"वापरतेस अजून?"

"मिक्सर आहे. पण चटणीला नाही."

जेवणासाठी तिने शेवटची चटणी वाटायला घेतली, आजीच्याच वरवंट्याने. त्याचं झिजलेलं पोट पाट्याच्या खोलगटात बरोबर बसलं. वाटून झाल्यावर तिने भाकरीचा तुकडा मोडला, पाट्यावरून फिरवला, दोन भाग केले आणि मोठा माझ्यापुढे धरला.

तुकडा हातात घेऊन विचारलं, "हे कुणी शिकवलं?"

"आजींनी. मी नवी नवरी. सगळे जेवून उठले की आम्ही दोघीच असायचो."

खरं सांगते, आधी हेवाच वाटला. तो अर्धा तुकडा फक्त माझा, असं मी जन्मभर धरून चालले होते. मग वाटलं, मी सुट्टीपुरती असायचे. बाकीचे दिवस आजीला कुणीतरी सोबत होतं.

जीपवाल्याला नको म्हणून कळवलं. वरवंटा पाट्यावरच ठेवून उठले.

"अहो ताई, बारसं?"

"तूच घेऊन ये. मामी म्हणून नाही, वरवंट्याची मालकीण म्हणून."

"येते. पण तिकीट तुम्ही काढा त्याचं!"

घरी आलेय. दार वाऱ्याने आपटतंय, त्याला वीट लावीन. पण लेकी, तुझ्यासाठी इथेच लिहून ठेवते. पाटा-वरवंटा सिंधूवहिनीचे. तिच्यानंतर तिच्या सुनेचे, तिने मिक्सर वापरला तरी. घरातल्या कुठल्याही बारशाला वरवंटा मागून आणावा, दुसऱ्या दिवशी पोचवावा. टोपडं मी शिवतेय, ते तुझ्या बाळाचं. आणि पाटा पुसलेल्या भाकरीचा मोठा तुकडा, शेजारी जी बसली असेल तिचा.