चौदा सक आणि बायकोचं लाटणं

माझे पाढे म्हणजे काय सांगू! तिसाचा पाढा मी खड्या आवाजात सुरू केला की आमच्या कॉलनीतल्या सेक्टर सहातली कुत्री भुंकायची थांबत. प्लांटचा भोंगाही एकदा माझ्यापुढे फिका पडला होता. यात खोटं असलंच तर थोडं असेल.

म्हणून चौथीतल्या माझ्या मुलीनं रविवारी सकाळी विचारलं, "पप्पा, चौदा सक चौऱ्याऐंशीच कावून?" तेव्हा मी गायलाच लागलो. चौदा एके चौदा, चौदा दुणे अठ्ठावीस...

"गाऊ नका ना! टीचर म्हणते, रटके नहीं, समझाके."

सोमवारी तिला फळ्यापाशी उभं राहून समजावायचं होतं. मागच्या खेपेला ती तिथं मुकीच उभी राहिली आणि घरी येऊन जेवलीसुद्धा नाही. समजावायला म्हणून मी सहापासूनच पाढा सुरू करून पाहिला. जमेना. माझा पाढा मालगाडीसारखा, इंजिनापासूनच हलतो.

शेवटी तिला घेऊन छतावर गेलो. तिथं बायको जुन्या साडीवर कोहळ्याच्या वड्या घालून राहिली होती. रांगा अशा सरळ, की रेल्वेवाल्यांनी रूळ टाकायला तिलाच बोलवावं. एका रांगेत चौदा वड्या, रांगा सहा.

"मोज," मी मुलीला म्हणालो.

"एक-एक?" तिनं तोंड वाकडं केलं. मग खाली पळाली, लाटणं घेऊन आली आणि दहाव्या वडीनंतरच्या फटीत सगळ्या रांगांना आडवं ठेवलं. "इकडे दहा सक साठ. तिकडे चार सक चोवीस. हो गया ना!"

मी हळूच लाटणं सातव्या वडीपुढे सरकवलं. बेचाळीस आणि बेचाळीस. नवव्यापुढे? चोपन्न आणि तीस. कुठंही कापा, चौऱ्याऐंशीच! चाळीस वर्षं मी हे गात होतो, आत काय आहे ते एकदाही उघडून पाहिलं नव्हतं.

"माझं बेलन द्या आधी," बायको ओरडली. "लेकराले समजलं, तुम्हीच खेळून राहिले!"

सोमवारी मुलगी उड्या मारत आली. "पूरा बोर्ड भरला पप्पा, वड्याच वड्या! टीचरनं विचारलं, कहाँ सीखा?"

"मंग? माझं नाव सांगितलं ना?"

"सांगितलं ना. म्हटलं, पप्पाले समजत नव्हतं, त्यायले शिकवता शिकवता."

कॉलनीत मी एवढंच सांगतो, की टीचरपुढे तिनं माझं नाव घेतलं.