फाटकाखाली हात घालणाऱ्या नर्सबाई

कुणाच्याही घरी गेल्या की नर्सबाई आधी फाटकाखाली हात घालून बघत. पंजा सहज आत गेला, तर "इथून लहान कुत्रा निसटते" म्हणून तिथेच मान हलवत. यजमानांनी बैठकीत कितीही आग्रह केला, तरी त्या सरळ स्वयंपाकघरात जाऊन स्टुलावर बसत आणि चहा होईपर्यंत घरातल्या प्रत्येकाशी बोलून घेत. पाहुणचार त्यांचा होई, परीक्षा घरमालकांची.

सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या या बाई मूळच्या देवरीकडच्या. टीव्हीवरच्या एका जाहिरातीनंतर गोंदियात चपट्या नाकाच्या पग कुत्र्यांची हौस पसरली होती. पामेरियन तर आधीपासूनच होते. हौस फिटली की लोक ही अस्सल जातीची कुत्री बाजारात सोडून देत. नर्सबाई, एक औषधदुकानदार आणि निवृत्त झालेले ड्रॉइंगचे सर, असे तिघे मिळून ती गोळा करत, बरी करत आणि चांगल्या घरी देत. त्यांच्या गटाला नाव नव्हतं, दारावर पाटीही नव्हती.

मी त्यांच्याकडे गेले ती फसता फसता वाचून. सासूबाई गेल्यावर आम्ही मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, बोदलकसा तलावाजवळच्या गावातून गोंदियाला आणलं होतं. उभा जन्म धानाच्या बांधावर गेलेला माणूस. इथे ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत आणि दिवसातून चार शब्दही बोलत नसत. घरात एखादा लहानसा जीव असावा, असं मला वाटलं. नेटवर एक संस्था सापडली. फोटोतला पामेरियन गोड होता, पण पैसे आधी पाठवा म्हणत होते. "बघायला येऊ का?" म्हटलं की फोन बंद. शेवटी त्या औषधदुकानदाराने मला नर्सबाईंकडे पाठवलं.

हे ऐकून नर्सबाई हसल्या. "जो कुत्रा दाखवत नाही, त्याच्याजवळ कुत्राच नाही राहत. अन् जो लगेच देऊन टाकते, त्याले तो नकोसा झाला राहते. आमचं काम पाहाचं असन तर या, कुत्रे पाहा, त्यायचे डाक्टर पाहा, पयले कुत्रा नेलेल्या घरच्यायले विचारा. मंग मी तुमचं घर पाहीन."

मी सगळं पाहिलं. व्हरांड्यात धुतलेल्या गोण्यांवर कुत्री झोपली होती. एकीला पाय नीट टेकवत नव्हता. "हिचं दुखणं जन्माचं आहे, लपवून का फायदा?" त्या म्हणाल्या. डॉली नावाची पांढरी पामेरियन माझ्या पायाशी येऊन बसली आणि माझं ठरलं. त्यांचं मात्र ठरलं नव्हतं.

आमचं फाटक पास झालं. स्वयंपाकघरात मी आणि माझ्या नवऱ्याने, आम्हाला कुत्री किती आवडतात, हे अगदी रंगवून सांगितलं. बाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तुमी दोघं दिवसभर शाळेत शिकवाले. दुपारी घरी कोन?"

आम्ही मामाजींच्या खोलीकडे बोट दाखवलं. त्या तडक आत गेल्या.

"भाऊ, कुत्रा पायजे का तुमाले?"

"मले नको," मामाजी भिंतीकडे बघतच म्हणाले.

"काऊन?"

"कुत्र्याची जागा आंगनात. मी त्याले घरात नाही घेन, मांडीवर नाही घेन." मग ते कूस बदलून बाईंकडे वळले. "पन आलंच तर उपाशी नाही ठेवीन. गावाले गेलो तरी कोनाच्या भरवशावर टाकून नाही जाईन."

नर्सबाई चहा न घेताच निघून गेल्या. आता नकारच येणार, असं आम्ही धरून चाललो. मामाजींनी घालवलं म्हणून नवरा दोन दिवस त्यांच्यावर धुमसत होता. रविवारी सकाळी बाई रिक्षातून उतरल्या, डॉलीला घेऊन.

"आमाले लई आवडते म्हननारे रोज भेटतात," त्या मला म्हणाल्या. "का नाही करीन अन् का करीन, हे तोंडावर सांगनारा हा पयला मानूस. कुत्री त्यायलेच देऊन राहिली मी, तुमाले नाही."

ऐन मे महिन्यात, भर दुपारी त्या न कळवता आल्या. ती त्यांची रीतच होती. मामाजी कूलरसमोर बसले होते आणि त्यांच्या मांडीवर, खांद्यावरून काढलेल्या दुपट्ट्यावर, डॉली पसरली होती.

"बाहेर ऊन आहे म्हनून घेतली," मामाजी घाईने म्हणाले.

"हाव जी. मी काई म्हटलं काय?"

त्यानंतर मामाजी त्यांच्याबरोबर घरं बघायला जाऊ लागले. सोयरीक पाहून आल्यासारखे रात्री जेवताना तपशील सांगत: "घर मोठं आहे, पन मालक नोकराशी नीट बोलत नाही. बाईनं नाही म्हटलं. मीबी तेच म्हनलो असतो." ज्या माणसाला बोलतं करायला आम्ही धडपडलो, त्याला आता जेवताना थोडं थांबा म्हणावं लागे.

पुढे नर्सबाईंचे गुडघे पार गेले आणि भिलाईची पुतणी त्यांना न्यायला आली. सगळ्या कुत्र्यांना घरं मिळाली होती. फक्त एक म्हातारा, आंधळा पग उरला होता. त्याला कुणी नेत नव्हतं. पुतणीच्या घरी दम्याचा पेशंट, त्यामुळे बरोबर नेणंही शक्य नव्हतं. निरोप द्यायला आम्ही स्टेशनवर गेलो, तर बाईंच्या मांडीवर टोपली होती.

गाडी लागल्यावर त्यांनी ती टोपली उचलून मामाजींच्या हातात दिली. मामाजींनी पगला दुपट्ट्यात गुंडाळलं. तो दोनदा शिंकला आणि त्यांच्या काखेत तोंड खुपसून निजला.

कुत्रा देताना नर्सबाई एरवी तासभर सूचना देत: पाणी कुठे ठेवायचं, काय खाऊ घालायचं नाही, रात्री रडला तर काय करायचं. त्या दिवशी गाडी सुटेपर्यंत भरपूर वेळ होता. त्या खिडकीशी बसून मामाजींशी यंदाच्या धानाबद्दल बोलत राहिल्या. पगबद्दल त्यांनी एक शब्दही सांगितला नाही.