दंडावरचं चहाडखोर बटण

मुलीने अट घातली होती. दोन लसी घेतल्याशिवाय बाळाला हात लावायचा नाही. एक फ्लूची, एक डांग्या खोकल्याची. तुला आम्ही आल्यागेल्या प्रत्येकाच्या मांडीवर ठेवून वाढवलं, असं मी सांगून पाहिलं. "म्हणूनच सांगतेय," ती म्हणाली.

खरं तर पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्याकडे डोंबिवलीला व्हायचं. पण इथली हवा म्हणे बाळाला मानवणार नाही. ज्या हवेत ही स्वतः वाढली, इंजिनियर झाली आणि बापाशी वाद घालायला शिकली, ती आता घातक ठरली. मग माझी बायको स्वतःच्या लसी आधीच उरकून, डिंकाचे लाडू घेऊन माजिवड्याला तिच्या घरी गेली. मी मागे राहिलो. नात मला फोनवर दिसायची, म्हणजे दुपट्यातून एक नाक दिसायचं.

माझ्या डाव्या दंडाला मागून, साखर मोजणारा सेन्सर चिकटवलेला असतो. शर्टाच्या मोठ्या बटणासारखा दिसतो म्हणून मी त्याला बटण म्हणतो. ही मुलीचीच भेट. ते माझी साखर माझ्या फोनवर सांगतं आणि तिथून थेट तिच्या. मी इन्सुलिन घेतो, साखर एकदम खाली गेली तर पंचाईत होते, हे मलाही मान्य आहे. पण मी जिलबी खाल्ली की ती धड पचायच्या आत बातमी माजिवड्याला पोचलेली असते.

तर मी लस घ्यायला गेलो. नर्सबाई म्हणाल्या, "डावा हात." मी बटण दाखवलं. "मग काढून ठेवा ना ते," त्या म्हणाल्या, जणू चष्माच होता. काढलं की फुकट जातं, परत लावता येत नाही, असं सांगितल्यावर त्यांनी दोन्ही सुया उजव्या दंडात खुपसल्या. शेजारी बसलेल्या एका काकांनी मोठ्या आशेने विचारलं, "याने डायबिटीस जातो का हो?"

"नाही," मी म्हणालो, "फक्त मुलीला कळतो."

दुपारी उजवा दंड ठणकायला लागला, अंगात कसकस आली. फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावला आणि पंखा फुल करून आत डाव्या कुशीवर झोपलो. आता हे बटण अंगाखाली बराच वेळ दाबलं गेलं की त्याचं डोकं फिरतं. साखर असते ठीक, पण ते सांगतं खाली गेली. असं माहितीपत्रकात लिहिलंय. मी ते वाचलं नव्हतं. मुलीने वाचलं होतं, पण घाबरलेल्या माणसाला माहितीपत्रक कुठलं आठवायला.

तिने मला फोनवर फोन केले. मग शेजारच्या वहिनींना केला. आमच्या मजल्यावर प्रत्येकाच्या घराची चावी दुसऱ्याच्या घरी असते, आणि दार वाजवायची पद्धत नाही.

जाग आली तेव्हा वहिनी उशाशी होत्या, त्यांचे मिस्टर पायाशी, आणि माझ्या तोंडात बर्फी. नात झाली म्हणून मीच वाटलेली बर्फी.

"वहिनी, मी झोपलो होतो."

"असंच वाटतं, भावोजी. आमच्या मावससासऱ्यांनाही शेवटी असंच वाटलेलं." असं म्हणून त्यांनी आणखी एक तुकडा कोंबला. मिस्टर साखरेचं पाणी घेऊन तयारच होते. बटणाने आता खरीखुरी उसळी घेतली.

परत मुलीचा फोन. काय खाल्लंस, हेच विचारणार म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. पण ती रडत होती. "बाबा, फोन का नाही उचललास? आई पण इकडे. मी बाळाला टाकून कशी आले असते?" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. तयार ठेवलेलं उत्तर मी गिळलं. बर्फीसकट.

लस अंगात मुरायला दोन आठवडे लागतात, असा पुढचा हुकूम निघाला. तेही काढले. मग माजिवड्याला गेलो, कोपरापर्यंत हात धुतले, सोफ्याच्या कडेला बसलो आणि मुलीने नात माझ्या डाव्या हातावर ठेवली. नाकाखेरीज तिला भुवया होत्या, बारीक हनुवटी होती, आणि कपाळाला आमच्या घराण्याची आठी होती. ती लगेच झोपली. माझा दंड सोफ्याच्या हाताला टेकून रुतत होता. मी श्वाससुद्धा बेताने घेत होतो.

बऱ्याच वेळाने माझा आणि मुलीचा, दोन्ही फोन एकदम किंचाळले. बायको साखरेचा डबा घेऊन स्वयंपाकघरातून धावली.

"आई, थांब." मुलीने स्क्रीन बघितली, मग माझा सोफ्यात रुतलेला दंड बघितला. माझ्या मोकळ्या हाताचं बोट टोचून तिने रक्त तपासलं. साखर अगदी ठीक होती. मग तिने आधी माझा फोन बंद केला, नंतर स्वतःचा.

"जरा सरकू का?" मी विचारलं.

"हलू नकोस," ती म्हणाली. "उठेल ती."