हात सोडायचा नाही

शालिनीबाईंनीच माझा उजवा हात त्या मुलाच्या हातात दिला. मी चौथीत होतो.

आज मी जो आहे तो बाईंमुळे. हे आधी लिहितो. मला ऐकू येत नाही. उधव्याजवळच्या आमच्या पाड्यावर मला कोणी काही विचारत नसे. बकऱ्यांमागे धाडत. बाई आमच्या ओट्यावर येऊन बसल्या, बाबांची समजूत घातली, मला तलासरीच्या कर्णबधिर शाळेत नेलं. हातांनी बोलायला त्यांनी शिकवलं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. आता त्याच शाळेत शिकवतो. बाई मुख्याध्यापिका आहेत.

चौथीतली ती सहल घोलवडला होती, चिकूच्या वाडीत. डहाणूच्या एका मोठ्या शाळेतली ऐकणारी मुलं आणि आम्ही, एकाच बसमध्ये. हॉर्न आम्हाला ऐकू येत नाहीत, म्हणून बाईंनी जोड्या लावल्या. ऐकणाऱ्याने आमच्यातल्या एकाचा हात धरायचा. बाई तोंडाने सांगत होत्या आणि हातांनीही: "परत येईपर्यंत हात सोडायचा नाही."

आमचा हात धरला की आमचं तोंड बंद होतं. बाईंना हे माहीत होतं. पण त्यांना रस्त्याची भीती जास्त होती.

वाडीत माणसं जाळीच्या काठीने चिकू उतरवत होती. मला लघवीला लागली. मी हात ओढला. माझ्या जोडीदाराने तो घट्ट धरला. मग मी डाव्या हाताची करंगळी वर केली. ही खूण त्यांच्याही वर्गात चालते. त्याला कळली. तो हसला आणि त्याने आपली करंगळी वर केली. मग शेजारच्याने. मग रांगेतल्या सगळ्यांनी.

मी थांबलो. नंतर थांबता आलं नाही. चड्डी भिजली, चपला भिजल्या. त्याने तेव्हाही हात सोडला नाही. फक्त लांब धरला.

त्यांच्या मॅडम बाईंना काही म्हणाल्या. थोडेफार ओठ मला वाचता यायचे. "बिचाऱ्याला कळत नसेल."

बाई माझ्याकडे बघत नव्हत्या.

निघताना फोटो. आम्हाला चिकूचं एकेक खोकं, आणि जोडीदाराशी शेकहँड. त्याने हात पुढे केला. मी दिला नाही. खोकं खाली ठेवलं. दोन्ही हात मोकळे झाले. बाईंकडे बघून सांगितलं: "मी सांगितलं होतं. याला कळलं होतं. याने हात सोडला नाही."

मॅडमनी बाईंना काहीतरी विचारलं. बाईंचे ओठ हलले.

"थँक्यू म्हणतोय."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या बघितल्या. राग आला नाही, रडूही नाही. बसमध्ये दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो. तलासरीपर्यंत तसाच.

यंदाची सहल बाईंनी माझ्याकडे सोपवली. वाडी तीच, सोबतची शाळाही तीच. जोड्याही तशाच लावायच्या, म्हणाल्या. मी त्यांना पत्र पाठवलं.

आदरणीय बाई,

सहल मी नेईन. जोड्या लावणार नाही. रस्ता ओलांडताना पुढे मी राहीन, मागे शिपाईमामा. मुलांचे हात मोकळे राहतील.

त्या दिवशी मी थँक्यू म्हणालो नव्हतो. तुम्हाला ते कळलं होतं, कारण ती भाषा तुम्हीच मला शिकवलीत. त्या भाषेसाठी थँक्यू आज म्हणतो.

यंदा आपलं मूल काही म्हणालं, तर ते मी मोबाइलवर लिहून त्यांच्या मॅडमना दाखवीन. जसंच्या तसं. हे चालणार नसेल, तर आपली मुलं त्या बसमध्ये चढणार नाहीत. दारात मी उभा असेन.

तुमचा विद्यार्थी