बांधावरचे व्याही

माघातल्या अष्टमीला सकाळी माझे व्याही वारले. आदल्या दिवशी संध्याकाळी ते माझ्याकडे चहा पिऊन गेले होते.

जगात काहीच वाया जात नाही, यावर त्यांच्याइतका विश्वास असलेला माणूस मी पाहिला नाही. नोकरीभर मी शाळेचं ग्रंथालय सांभाळलं. असा विश्वास पुस्तकांत पुष्कळ भेटला, पण तो बादलीत भरून कुणी माझ्या दारी आणला नव्हता. माझ्या मुलीचं आणि त्यांच्या मुलाचं जमलं, तेव्हा ते बोलणी करायला बोनकोडे गावातून आमच्या सोसायटीत आले. पुण्याहून माझे मोठे दीर आणि जाऊबाई मुद्दाम आल्या होत्या. व्याह्यांच्या एका हातात पेढ्यांचा पुडा होता आणि दुसऱ्या हातात रंगाची जुनी बादली, तोंडाला गोणपाट बांधलेली. आत मासळीची डोकी, आतडी आणि भाताचा कोंडा कुजवून केलेलं खत होतं. "विहीनबाय, तुमच्या गॅलरीत मोगरा हाय, असं पोरगा बोलला. त्याला आनलाय." दिरांनी रुमाल नाकाशी नेत विचारलं, "हे नक्की काय आहे?" व्याही शांतपणे म्हणाले, "तुमच्याकडं याला घान बोलतात. आमच्याकडं उद्याचं जेवान." जाऊबाईंच्या हातातला पेढा शेवटपर्यंत हातातच राहिला. लग्न ठरलं, पण पुण्यात त्या दिवसाला आजही 'बादलीची बैठक' म्हणतात.

त्यांची भातशेती नव्या शहरात कधीच गेली होती. त्या जागी तीन मजल्यांची इमारत होती, वरच्या दोन मजल्यांवर भाडेकरू आणि खाली हे. कोलंबीची सालं नारळाच्या बुंध्यात, नारळाची सोडणं चुलीत, चुलीतली राख अळवात असा त्यांच्या घरचा दिनक्रम होता. सकाळी ते भाडेकरूंच्या कचऱ्याच्या डब्यांत डोकावत आणि जिन्यात उभे राहून गर्जत, "केल्याची साल कोनी प्लास्टिकमधी बांधली? भाईर या!" एका भाडेकरूनं त्यापायी खोली सोडली. दुसरा नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि तिथून त्यानं कुंडीतल्या टोमॅटोचा फोटो पाठवला. तो फोटो त्यांनी मला फोनवर निदान सहा वेळा दाखवला असेल.

बोलायला बसले की विषय खाडीचाच. तिवराचं पान चिखलात पडतं, ते किडा खातो, बारका खेकडा खातो, त्यांना मासा खातो, माशाला बगळा नाहीतर आपण. "पंगत हाय ही, विहीनबाय. मधला येक उठला का पुडचा उपाशी." एकदा मी विचारलं, "पण व्याहीबुवा, या पंगतीला वाढतं कोण?" त्यांनी वर बोट केलं. "ऊन. पन त्याचं येक हाय. चिखल फिरून फिरून तोच येतो, ऊन येकदा खाल्लं का गेलं. ते रोज नवं लागतं." मला हे फार आवडलं. मी ते वहीत उतरवून ठेवलं. त्यापलीकडे त्याचं काही करायचं असतं, हे मला सुचलं नाही.

आमच्या सोसायटीच्या मागे एक तळं आहे. बांधातल्या एका तोंडातून खाडीचं पाणी भरतीला आत येतं आणि ओहोटीला बाहेर जातं. या तोंडाला गावात उघाडी म्हणतात. तिची फळी भरतीओहोटी पाहून वरखाली करायचं काम पूर्वी व्याह्यांच्या घराकडे होतं. काम गेलं, तरी ते रोज एकदा बांधावर जाऊन येत. ओहोटीला तळ्याचा वास आमच्या खिडक्यांतून येई. मीटिंगमध्ये चेअरमन म्हणाले, "मॅडम, तुमचं मराठी एकदम मस्त. अर्ज तुम्हीच लिहा. ते तोंड बंद झालं की टेन्शन खल्लास. वास नाही, डास नाही." मी लिहिला. त्यात 'दुर्गंधीचा उगम' असा शब्दप्रयोग केला होता आणि तो मला बरा वाटला होता. व्याह्यांच्या बोलण्यातली खाडी आणि माझ्या खिडकीतून दिसणारं पाणी एकच आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. महिन्याभरात उघाडीत दगडमाती पडली.

व्याही आले. चप्पल काढता काढता म्हणाले, "अर्ज तुमी लिवला?"

"हो."

"वाचून दाखवा."

मी वाचला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला. "चांगला लिवलाय," ते म्हणाले. "म्हनून तर त्यांनी ऐकलं." चहा घेतला आणि गेले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

तळ्याचं पाणी हिरवं झालं. मासे उलटे तरंगले. डासांची पिल्लं खाणारं पाण्यात कुणी उरलं नाही, तेव्हा धुराची गाडी आली. त्या धुरानं चतुर गेले, बगळे त्याआधीच उठले होते. "मॅडम, डास तर डबल झाले हो!" चेअरमन मलाच सांगत होते.

मग आम्ही दोघांनी उघाडी मोकळी करण्याचा अर्ज लिहायला घेतला. ते सांगत, मी लिहीत असे. "यात विनंती लय झाली. पानी कुटं हाय?" म्हणून त्यांनी माझे तीन मसुदे परत केले. कार्यालयात साहेबांनी विचारलं, "काका, तुम्ही कुठल्या संस्थेचे?" "मी उघाडीचा," ते म्हणाले. साहेबांनी रकाना मोकळा सोडला. आम्ही चार वेळा गेलो. परतताना ते मला बांधावर नेत. पुनवेच्या उधाणाला पाणी कुठवर चढतं, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, कसं अंग चोरतं, वळायच्या आधी ते जरा वेळ कसं थांबतं, हे दाखवत. मी म्हटलं, "सांगा, लिहून घेते." "लिवू नका. बगा," ते म्हणाले. बघता बघता मी गुडघाभर चिखलात गेले. मला वर ओढताना ते इतके हसले की दोघंही चिखलातच बसलो.

शेवटच्या संध्याकाळी मात्र ते हसले नाहीत. कपबशी खाली ठेवून म्हणाले, "माज्या डोल्यांदेखत पानी आत आलं पायजेल, विहीनबाय. बाकी काय नको." मी म्हटलं, "येईल हो." दुसऱ्या दिवशी ते गेले.

परवानगी त्यांच्या तेराव्यानंतर आली. सोसायटीतल्या काहींची हरकत होती, म्हणून प्रयोगादाखल निम्मंच तोंड उघडायचं ठरलं. मुलगी आणि मी बांधावर गेलो. मुकादमानं विचारलं, "मॅडम, काढू का दगड?" पाणी अजून खाडीकडे ओढ घेत होतं. मी म्हटलं, "थांबा." ते लोक विडी ओढत बसले. पाणी हललं नाही, मग जरासं आत झुकलं. "आता काढा," मी म्हटलं. मुलीनं माझा दंड घट्ट धरला होता. आत आलेलं पाणी गढूळ होतं आणि त्याला वास होता. आम्ही दोघी ते पाहत उभ्या राहिलो. पाहायचं होतं ते दुसऱ्याच कुणाला.

निम्मी उघाडी अजून बंद आहे. उधाणाचं पाणी तळ्यात येतं, भांगाचं पोचत नाही. मासे थोडे आहेत. बगळे कालपर्यंत तीन होते. उरलेल्या निम्म्यासाठी मी अर्ज दिला आहे.