वाइंडिंगच्या दुकानातलं कंप्युटरचं टेबल

“टेबल हलणार नाही,” मी तिसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा भावजींनी हातातला पाना बाकावर आपटला.

“मी माणसाला शब्द दिलाय, वहिनी.”

“टेबल माझं आणि शब्द तुमचा? छान.”

सकाळी दुकान उघडल्यापासून हेच चाललं होतं. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर, अनंत. मिरजोळ्याच्या रस्त्याला आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. माझ्या नवऱ्याने ते थाटलं, तो गेल्यावर मी चालवलं. मागे जळलेले पंप येतात, ती बाजू भावजींची. पुढे रस्त्याकडचं टेबल माझं. त्यावर मी गेम खेळायचे कंप्युटर जोडून देते, ज्याच्या खिशाला जेवढं झेपेल तेवढ्यात. तेच टेबल उचलून ती जागा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एकाला भाड्याने द्यायची, असं भावजींनी परस्पर ठरवलं होतं. मला विचारलं नाही, कळवलं. तो माणूस चार वाजता माप घ्यायला येणार होता.

मला बसवेना. घड्याळ बघावं, रस्त्यावर नजर टाकावी, पुसलेलं टेबल पुन्हा पुसावं. पंपातून काढलेली जळकी तार पिंपात कशी साठते, तसे या टेबलाचे किस्से माझ्याकडे साठलेत. एक टोक ओढलं की सगळा गुंता वर येतो. त्या दिवशी दिवसभर तो वर येत होता.

*

मी सातवी पास. वय अडुसष्ट. पहिला कंप्युटर आमच्याकडे आला तो चुकून. एका गिऱ्हाइकाने पंपाबरोबर रिक्षातून तोही उतरवला. म्हणाला, यातून पण जळका वास येतोय, जमलं तर बघा. मी उघडला. आत पॉवर सप्लाय, त्यात बारकी बारकी वाइंडिंगं. हे तर आपल्याच जातकुळीचं! पुढचं मी मोबाइलवर हिंदी व्हिडिओ बघून शिकले. इंग्रजी अक्षरं एकेक जुळवत वाचायची, समजलं नाही की व्हिडिओ मागे न्यायचा. एक व्हिडिओ तर मी अकरा वेळा मागे नेला. शेवटी तो सांगणाराच चुकलाय हे माझ्या लक्षात आलं.

कुणीतरी मला म्हणालं, काकू, याला कोर्स लागतो. मी म्हटलं, “तुमच्या पंपाला मी कुठला कोर्स केला होता?”

पण चूक केली, ती सांगते. लपवायला मी काही पुढारी नाही. आमच्याकडे मोटारीत नवी तार भरली की शेवटी तिला व्हार्निश पाजतात आणि भट्टीत सुकवतात. मग खारा वारा लागो की दमट हवा, तार टिकते. पहिला नवा मदरबोर्ड हातात आला तेव्हा मी विचार केला, रत्नागिरीच्या हवेत हा उघडा कसा राहणार? ब्रश घेतला आणि सगळ्या बोर्डाला झकास व्हार्निश मारलं. भट्टीत घातला नाही एवढंच नशीब.

चालू केला तर नुसता टीं टीं. रॅमच्या खाचेतसुद्धा व्हार्निश! तीन दिवस सुईने खरवडत बसले. भावजी येता-जाता विचारायचे, वहिनी, दुसरा हात कधी मारताय?

पुढे मला कळलं, मोठ्या कारखान्यांतही बोर्डाला असला लेप देतात, फक्त खाचा आधी झाकून घेतात. म्हणजे डोकं बरोबर होतं, ब्रश चुकला. आता मी खाचांना टेप लावते, योग्य तो लेप मागवते, आणि माझे बोर्ड समुद्रापासून हाकेवरच्या घरांत चार-चार पावसाळे काढतात.

*

एक बाई आल्या. मुलीला मी कंप्युटर जोडून दिला होता, तो हात लावला की झिणझिण्या देतो म्हणून तक्रार. तुम्ही जुनं ग्राफिक्स कार्ड घातलंत, त्याचाच हा परिणाम, असं त्या दारातूनच सुनावत आल्या. मी कार्डाला बोल लावून घेतला नाही. टेस्टर घेतला आणि त्यांच्याच स्कूटरवर मागे बसून त्यांच्या घरी गेले.

घर भर कातळावर. मे महिना. अर्थिंग बघितलं तर खड्डा ठणठणीत कोरडा. कातळात आधीच करंट मुरत नाही, त्यात थेंबभर ओल नाही. मी त्यांच्याकडून मीठ मागितलं, कोळसा मागितला आणि दोन घागरी पाणी ओतायला लावलं. त्यांना वाटलं, म्हातारी काहीतरी उतरवून टाकतेय. अर्ध्या तासाने मुलीने कॅबिनेटला हात लावला. शांत.

आता त्या बाई रोज सकाळी तुळशीला एक तांब्या घालतात आणि अर्थिंगला एक. मुलीची गेमची मॅच असेल त्या दिवशी अर्थिंगला दोन.

*

बारा वाजले. भावजी डबा उघडून बसले आणि म्हणाले, “गेल्या महिन्यात किती जोडलेत?”

मी म्हटलं, एक.

“मग?”

मी उठले. पंखा बंद केला. उकाड्यात जेवा म्हटलं.

*

नर्सिंगला शिकणारी एक मुलगी होती. तिने पै-पै साठवून प्रोसेसर घेतला, कार्ड घेतलं, आणि कॅबिनेटला काही उरलंच नाही. रडवेली झाली. मी मागे गेले आणि आंब्याची लाकडी पेटी घेऊन आले. फळ्यांमध्ये बोटबोट फट. आंब्याला वारा लागावा म्हणून ठेवलेली फट कार्डाला काय वाईट? आतून पत्रा मारला, त्याला अर्थिंग जोडलं, दोन पंखे बसवले, वर बिजागरीचं झाकण. तिच्या मुंबईच्या भावाने फोटो बघून विचारलं, कुठल्या कंपनीचं हे कस्टम कॅबिनेट, मलाही हवंय.

मुलीने मला विचारलं, काय सांगू? मी म्हटलं, “सांग, अस्सल रत्नागिरी, देवगडला मिळत नाही.”

*

गणपतीला गावी आलेला एक चाकरमानी पिशवीतून ग्राफिक्स कार्डं विकायला घेऊन आला. गोड बोलणारा. काकी, पेटीपॅक, दुकानातून उचललेलं, आपल्या गावच्या माणसासाठी भाव सोडलाय. कागदसुद्धा व्यवस्थित चिकटवलेला.

मी खोकं उघडलं, कार्ड नाकाशी नेलं आणि परत आत ठेवलं.

“हे दोन वर्षं रात्रंदिवस तापलंय. कुणीतरी याच्यावर बिटकॉइनच्या नोटा छापायला बसलं होतं.”

तो हसला. वासावरून कळतं का, काकी?

मी चाळीस वर्षं जळक्या मोटारी हुंगल्यात. तापून थकलेल्या तांब्याचा वास मला झोपेतही कळेल. पण मी बोलायच्या आधी मागून भावजींचाच आवाज आला, “ओ, त्या नाकाची गॅरंटी आहे. तुझ्या कार्डाची दाखव.”

तो पिशवी उचलून गेला तो गेलाच. खरं सांगायचं तर भावजींनी माझी बाजू घेतल्याची माझ्या आठवणीतली ती एकुलती एक वेळ. म्हणून टेबलाच्या भांडणाने मला जास्तच लागलं.

*

मंडणगडकडचे एक मास्तर. स्वतःसाठी कंप्युटर घेतला, मुलासाठी नव्हे, हे त्यांनी मला दोनदा बजावून सांगितलं होतं. दसऱ्यानंतर त्यांचे फोन सुरू झाले. पंखा खडखडतोय. बोलता बोलता बंद पडतोय. तुमचा माल कच्चा. मी म्हटलं, आणा. तर एसटीतून कॅबिनेट मांडीवर घेऊन आले, दर धक्क्याला त्याला पोटाशी धरत.

मी काचेची बाजू काढली. पंख्यात अक्षता. कार्डावर झेंडूच्या पाकळ्या. आणि प्रोसेसरच्या वरच्या पंख्याच्या बरोबर मधोमध कुंकवाचं ठसठशीत बोट!

म्हटलं, मास्तर, हे काय?

मास्तर म्हणाले, खंडेनवमीला शस्त्रांची पूजा. यंत्राचं मुख्य स्थान आत आहे असं तुम्हीच शिकवलंत.

मी त्यांच्यासमोर एकेक अक्षत चिमट्याने काढून ताटलीत ठेवली. सव्वीस निघाल्या. मग कॅबिनेट बंद करून हातात दिलं आणि म्हटलं, “मास्तर, नमस्कार बाहेरून करायचा. गाभाऱ्यात सगळ्यांनी शिरायचं नसतं.”

*

दिव्यांचा किस्सा छोटा आहे. एक हॉटेलवाले आले. कार्ड साधं चालेल, पण आत सात रंगांचे दिवे पाहिजेत, पंख्याला, रॅमला, वायरलासुद्धा. मी त्यांना समजावलं की दिव्यांनी गेम पळत नाही, तेवढ्यात चांगलं कार्ड येईल. ते ऐकेनात. मग मी त्यांना शेजारच्या मंडपवाल्याकडे पाठवलं. त्यांनी तिथून खरंच माळ घेतली. कंप्युटर माझ्याकडून घेतला. हॉटेलात दोन्ही चालू आहेत.

*

साडेतीन झाले. भावजी दारात जाऊन उभे राहिले. मी टेबलाच्या पुढे खुर्ची ओढून बसले, मग उठले, मग पुन्हा बसले. आता शेवटचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय त्या दिवसाचा शेवट कळणार नाही.

भावजी मुळात वाइंडिंगवाले नव्हेत. एकतीस वर्षं ट्रक चालवला त्यांनी. सगळी लोकांची गाडी. आंबा घेऊन वाशीला, चिरे घेऊन कोल्हापूरला. स्वतःचा ट्रक घ्यायचा होता, तो कधी झाला नाही. मग एका डोळ्यात काचबिंदू निघाला, लायसन परत मिळालं नाही, आणि ते माझ्याकडे पंप सोडवायला आले. त्या दिवसापासून त्यांनी गाडीचं नाव काढलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, बरं झालं, कंबर वाचली.

माझ्या टेबलावर गिऱ्हाइकाला दाखवायला एक कंप्युटर कायम जोडलेला असतो. मी दुपारी घरी जेवून तासभर आडवी होते. पाचेक महिन्यांपूर्वी त्या कंप्युटरची हार्ड डिस्क बदलायला काढली, तेव्हा त्यात ट्रक चालवायचा एक गेम सापडला. आत कुणाचातरी खेळ जपून ठेवलेला. परदेशातले रस्ते, बारा हजार किलोमीटर झालेले. एकही अपघात नाही. गेममध्ये स्वतःच्या कंपनीला नाव द्यावं लागतं. तिथे एकेक अक्षर शोधून टाइप केलेलं होतं, विमल रोडलाइन्स.

विमल माझी जाऊ. भावजींची बायको.

मी डिस्क बदलली, तो खेळ जसाच्या तसा नवीन डिस्कवर आणला आणि कुणाला काही बोलले नाही. थोड्या दिवसांनी माझ्या लक्षात आलं की गेममधल्या रस्त्यावर पाऊस लागला की खेळ अडखळतो. मी एक सेकंडहँड कार्ड हुंगून घेतलं. मग स्टिअरिंग घेतलं, तेही जुनंच. गिऱ्हाइकं मागतात म्हणून सांगितलं. भावजी म्हणाले, काय तुम्ही पण खर्च करता, वहिनी. आणि दुसऱ्या दिवसापासून मला जेवायला घरी जायची घाई तेच करू लागले. जा ओ, उन्हं चढतायत, मी आहे.

किलोमीटर वाढत होते. मी अधूनमधून बघत होते. आदल्या दिवशी दुपारी मी लवकर परतले होते, तर भावजी घाईघाईने उठून पंपापाशी गेलेले. सकाळी स्क्रीन चालू केला, तर गाडी तशीच थांबवलेली होती, एका बर्फाच्या घाटात, भरल्या मालासकट. त्यानंतर पाच मिनिटांनी भावजी आले आणि म्हणाले, टेबल उचलायचंय. का, ते तेव्हा मला कळलं नाही. मग दिवसभरात हळूहळू कळलं. मी त्यांना खेळताना बघितलं, असं वाटून ते शरमले होते.

चारला तो कव्हरवाला आला. टेप काढून त्याने एक टोक टेबलाच्या कडेला लावलं आणि दुसरं भावजींच्या हातात दिलं. भावजी टेप धरून उभे. माझ्याकडे बघत नव्हते.

पाच मिनिटांनी त्यांनी त्या माणसाला चहा पाजला, नाक्यापर्यंत पोचवला, आणि पुढचे गाळे रिकामे आहेत ते दाखवून परत आले. टेबल आहे तिथे आहे. मी काही भांडले नाही, आवाज चढवला नाही, त्या माणसाला तर काही समजलंसुद्धा नसेल. माप चालू असतानाच मी टेपचं दुसरं टोक भावजींच्या हातातून सोडवून घेतलं आणि हळूच एवढंच म्हटलं:

“टेबल खुशाल द्या, भावजी, फक्त विमल रोडलाइन्सची गाडी घाटात भरलेली उभी आहे, तेवढा माल आधी पोचवून या.”