दंतवैद्यांची निळी गिटार

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाचा अर्धा जन्म अंधाऱ्या चौकोनी पोकळीत जातो. लिफ्टकाकांचाही तसाच गेला. नखांत मुरलेलं ग्रीस, कमरेला हत्यारांचा पट्टा, बोलणं मोजकंच. तरुणपणी मित्राची गिटार मागून मागून ते वाजवायला शिकले होते. पुढे संसार मागे लागला आणि स्वतःची गिटार घ्यायची राहून गेली ती गेलीच.

एका जुन्या इमारतीत ते गच्चीवरच्या खोलीत मोटर उघडून बसले होते. तेवढ्यात खालच्या मजल्यावरून एक सूर वर आला. गोल, ऊबदार, शेवटाला किंचित खरखरणारा. काकांचा हात पान्यावर तसाच थांबला. काम उरकून त्यांनी खालचं दार वाजवलं. दार उघडलं ते निवृत्त दंतवैद्यांनी.

"लिफ्ट झाली का सुरू?"

"झाली. पण आत्ता वाजलं ते काय होतं?"

दंतवैद्यांचा चेहरा उजळला. "आत या. आधी हात धुवा, आणि तो पट्टा दाराबाहेर. ओरखडा पडला तर भूल न देता दात काढीन."

आतल्या भिंतीवर जुन्या इलेक्ट्रिक गिटारी ओळीने टांगलेल्या होत्या. रविवारी सकाळी तिथे एक बेकरीवाला, एक परिचारिका आणि एक गणिताच्या बाई जमत. विकत घेण्याची ऐपत कुणाचीच नव्हती आणि त्याचं कुणाला काही वाटतही नव्हतं. आळीपाळीने वाजवायचं, दुसऱ्याचं कान देऊन ऐकायचं, पुसून परत टांगायचं.

दंतवैद्यांनी निळी गिटार स्पीकरला जोडून काकांच्या मांडीवर ठेवली. ती काकांच्या जन्माआधीची होती. रंगाला केसाएवढ्या बारीक भेगा, आणि दांड्याचं लाकूड किती अनोळखी अंगठ्यांनी घासून गुळगुळीत झालेलं! काकांनी एकच तार छेडली. आवाज खोलीभर पसरला आणि विरायचं नावच घेईना. तो पुरता संपेपर्यंत काकांनी श्वास सोडला नाही.

"रविवारी येत जा," दंतवैद्य म्हणाले.

काका वर्षानुवर्षं गेले. पुढे दंतवैद्यांची बोटं आखडली. मग काका वाजवत आणि ते गिटारीच्या अंगावर तळहात टेकून डोळे मिटून बसत. लेकीकडे कायमचं राहायला जाताना त्यांनी सगळ्यांना बोलावलं. "गिटारी भिंतीवरच ठेवल्यात तर मुक्या होतील. घरोघरी फिरत्या ठेवा."

अशी निळी गिटार महिन्याभरासाठी काकांच्या दोन खोल्यांत आली. काकूंनी कपाळाला हात लावला. "लोकाची लेक घरात आणलीत! काही झालं तर तोंड कुठे दाखवाल?" दोन दिवस त्या तिच्या वाऱ्यालाही उभ्या राहिल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी काका खिडकीशी बसून हळूच वाजवत होते. काकू भाजी निवडता निवडता उठल्या, हात धुऊन, पदराला पुसून आल्या आणि त्यांनी तळहात अलगद निळ्या लाकडावर ठेवला. थरथर थेट कोपरापर्यंत चढली.

"अगं बाई," त्या पुटपुटल्या, "ही तर जिवंत आहे."

"आहेच मुळी."

"आणि ही परत द्यायची?"

"पुढच्या महिन्यात बेकरीवाल्याकडे."

काकूंनी हात काढला नाही. "मग थांबलात का? वाजवा."